गाडी विकली, त्याला आठ महिने झाले

पायपीट | शनिवार, सकाळी ८:४०

पुण्यात कोणी "गाडी आहे का?" विचारलं तर तो दुचाकीबद्दल विचारत असतो. मुंबईच्या मावशीची गाडी म्हणजे लोकल, ती रोज चुकते. आजोळी खटाव तालुक्यात गाडी म्हणजे एस्टी, ती रोज उशिरा येते. मी विकली ती फोरव्हीलर. दुचाकी अजून आहे, खाली कव्हर घालून ठेवलीय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी पकडायला नको.

विकण्यामागे काही तत्त्वबित्त्व नव्हतं. घर कोथरूडला, ऑफिस कल्याणीनगरला. मार्च २०२४ला मेट्रो रामवाडीपर्यंत गेली आणि दोन्ही टोकं एकाच मार्गावर आली. तरी पुढे कितीतरी दिवस मी गाडीनेच जात होतो. एकदा हिशोब मांडला: पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, ऑफिसजवळचं पार्किंग मिळून महिन्याला अकरा हजारांच्या घरात. मेट्रोने जाऊन-येऊन साठ रुपयांच्या आत भागतं. हप्ते फिटलेलेच होते. विकली.

आता मुद्दा. मेट्रो छान आहे, गार आहे, वेळेवर येते. अडचण आहे ती घर ते स्टेशन या ९०० मीटरची.

एका रविवारी वही घेऊन निघालो. ९०० मीटरमध्ये फूटपाथवरून एकोणीस वेळा खाली उतरावं लागलं. पाच वेळा सोसायट्यांच्या फाटकांपुढे, कारण त्यांच्या गाड्या आत वळाव्यात म्हणून फूटपाथ कापून उतार केलाय. दोन वेळा विजेच्या डीपीमुळे. एकदा पिंपळाचा पार. एकदा इस्त्रीवाला (त्याच्यावर राग नाही, माझेच शर्ट त्याच्याकडे असतात). एक बंद पडलेली रसवंती. बाकी सगळ्या वेळा फूटपाथवर लावलेल्या दुचाक्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचना सांगतात की निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्याकडे एका ठिकाणी तो माझ्या गुडघ्याला लागतो. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, रस्ता वर येतो, मग फूटपाथ आणखी वर उचलतात. दोघांची शर्यत लागलीय जणू.

शेवटी पौड रस्ता. तो ओलांडायला मी मेट्रोचाच जिना वापरतो. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, तिकीट न काढता एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूला उतरायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे: माणूस हौसेने गाडी काढत नाही, या ९०० मीटरला कंटाळून काढतो. आणि एकदा बूड सीटला टेकलं की म्हणतो, आता काढलीच आहे तर स्टेशनला कशाला, थेट ऑफिसलाच जाऊ.

तुमचे ९०० मीटर कसे आहेत?

---

कांदेनवमी | ९:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). सविस्तर नंतर लिहिते, पोरांचे क्लास आहेत. (सोडायला गाडीनेच चाललेय, हलके घ्या.)

---

जुनी_पेठ | ९:५०

एकोणीस मोजलेत हे फार आवडलं.

माझं वय ७१. सायकलींचं शहर म्हणजे काय ते मी आतून पाहिलंय. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागायचा. संध्याकाळी दिवा नसला की हवालदार अडवायचा. डबलसीट पकडलं तर मागचा उतरून साळसूदपणे चालायला लागायचा, कोपऱ्यावर पुन्हा बसायचा. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात सायकलने जात. पाळी सुटली की मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी भरून जायचा, पलीकडे जायचं तर थांबूनच राहावं लागे.

गंमत बघा. ते सगळे सायकलने जाऊन बनवत काय होते? आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी, पिंपरीला टेल्कोचे ट्रक. चेतक बुक केली की वर्षानुवर्षं नंबर लागत नसे, लग्नात स्कूटर मिळाली की गावभर चर्चा. मग लुना आली. सायकल कशाने संपली म्हणाल तर कारने नव्हे. लुनेने संपवली. पायडल असलेली लुना! आम्हाला वाटलं ही सायकलचीच थोरली बहीण. कार फार नंतर आली.

तेव्हा "कारला शिव्या" हा सूर पुण्याला तितकासा लागू नाही. २०१८ला इथल्या नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला, माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या म्हणून पेपरांत छापून आलं होतं. त्यात बहुसंख्य दुचाक्याच.

---

स्पष्टवक्ता | १०:२०

आला का परत हा विषय. दर सहा महिन्यांनी कोणीतरी गाडी विकतो आणि धागा काढतो.

पायपीट, तुमचं घर आणि ऑफिस एकाच मेट्रोवर आहे. लॉटरी लागलेल्याने बाकीच्यांना बचतीवर व्याख्यान देऊ नये. मी सिंहगड रस्त्याला राहतो, कामाला तळवड्याला. वडिलांचा गुडघा बदललाय, त्यांना दवाखान्यात बसने नेऊ? दोनदा बदलून?

आणि ते बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखीव लेन. २००६ला कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू केलं, देशातला पहिला प्रयोग म्हणून केवढा गाजावाजा. रस्त्याच्या मधोमध थांबे, तिथवर पोचायला धड क्रॉसिंग नाही, लेनमध्ये सगळे घुसणार. नगर रस्त्यावरचं तर पुढे उखडूनच टाकलं. आमच्या करातून बांधलं, आमच्याच करातून तोडलं.

---

पायपीट | १०:४५

@स्पष्टवक्ता, लॉटरी हा शब्द मान्य, बिनशर्त. पण तुम्हीच लिहिलंय बघा: "तिथवर पोचायला धड क्रॉसिंग नाही". बीआरटी बसमुळे पडली नाही, बसपर्यंतच्या तीस फुटांमुळे पडली. माझे ९०० मीटर, तुमचे तीस फूट. रोग एकच.

वडिलांसाठी गाडी हवीच. ज्यांना गाडीवाचून पर्यायच नाही त्यांच्यासाठी तरी रस्ता मोकळा राहावा म्हणून बाकीच्यांनी उतरायचं, असं मी म्हणेन.

---

नऊ_बाराची_फास्ट | ११:३०

डोंबिवलीहून हजेरी. आमच्याकडे या चर्चेला अर्थच नाही, लोकलच्या दारात लटकणाऱ्याला "कार का वापरत नाही" विचारण्यासारखं आहे. कोविडच्या आधी लोकल रोज ७५ लाखांच्या आसपास माणसं वाहायची.

पण पैसा कुठे जातो ते पाहा. मुंबईचा कोस्टल रोड मार्च २०२४ला उघडायला लागला, खर्च १४ हजार कोटींच्या आसपास, आणि त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे तो बांधला कोणासाठी ते पाटीवरच लिहिलंय. त्याच शहरात बेस्टच्या बस २०१०च्या सुमाराला चार हजारांवर होत्या, नंतर वर्षागणिक गळत गेल्या. २०१९ला तिकीट पाच रुपये केलं तेव्हा लोक परत आले होते. मे २०२५ला ते दहा झालं.

आजोबा ट्रामच्या गोष्टी सांगायचे. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम धावली, तिला निरोप द्यायला रस्त्यात माणसं उभी होती म्हणे. बसला निरोप द्यायला कोण उभं राहणार? ती एकदम जात नाही. वीस मिनिटांनी येणारी चाळीस मिनिटांनी येते, मग एक दिवस आपणच थांब्यावर जायचं बंद करतो.

---

झेड_ब्रिज | ११:४२

शेवटच्या वाक्याला +१००

---

स्कूटीस्वार | दुपारी १:१५

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

पायपीट, तुमचा प्रवास म्हणजे घर-ऑफिस-घर. एक सरळ रेघ. माझा कालचा: घर, धाकटीची शाळा, बँक, ऑफिस, आईकडे तिच्या गोळ्या द्यायला, मंडई, थोरलीचा क्लास, घर. आठ थांबे. कोणता बसमार्ग आठ ठिकाणी मला हव्या त्या वेळी थांबतो? हातात दोन पिशव्या, खांद्याला दप्तर (माझं नव्हे), आणि तुमचे एकोणीस चढउतार. बाबागाडी घेऊन एकदा करून पाहा ते ९०० मीटर. मी केलंय. पाच मिनिटांत रस्त्यावर उतरले आणि मग सरळ रस्त्यावरूनच चालले.

दुसरं. पुण्यात मुलींना दुचाकीने जे दिलं ते दुसऱ्या कशाने दिलं नाही. माझ्या आईला बाहेर पडायचं तर बाबांची परवानगी आणि पाठोपाठ बाबांची स्कूटर लागायची. मी अठराव्या वर्षी स्कूटीला किल्ली लावली आणि थेट कॉलेजला. तोंडाला स्कार्फ, हातात लांब मोजे, त्यावर तुम्ही विनोद करत असाल, करा. त्या स्कार्फच्या आत मी कोणाला सांगून निघाले नव्हते.

आता मला सांगायचं की ही गाडी सोड, आणि रात्री पावणेदहाला अंधाऱ्या थांब्यावर उभी राहा. थांब्यावर दिवा लावा, चार माणसं असतील असं करा, दहा मिनिटांनी नक्की बस येते असं करा. मग बोलू.

---

कांदेनवमी | १:४०

स्कूटीस्वार, _/\_

क्लासला सोडून आले. क्लास घरापासून ७०० मीटर. मुलगा सातवीत आहे, एकटा चालत जाऊ शकतो. मी जाऊ देत नाही. का, तर मधे एक चौक आहे. त्या चौकात मला भीती कसली वाटते? माझ्यासारख्याच, मुलांना सोडायला घाईत निघालेल्या आयांच्या गाड्यांची. लिहितालिहिता हे लक्षात आलं आणि जरा गप्प बसले.

---

सांगलीकर_ह्यूस्टनात | २:१० (आमच्याकडे पहाट, झोप नाही)

कार सोडून काहीच नसलेलं गाव कसं असतं ते हवं असेल तर इकडे या.

आमच्या घरापासून किराणा दुकान अडीच किलोमीटर. पहिल्या महिन्यात चालत निघालो. मधेच फूटपाथ संपला. कमी रुंद झाला वगैरे नाही, गवतात संपलाच. एका बाईने गाडी थांबवून काचेतून विचारलं, "सगळं ठीक आहे ना? गाडी बंद पडली का?" इथे चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस.

रस्ता रुंद केला की गर्दी हटते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आमचा केटी फ्रीवे आहे. २००८ला रुंदीकरण पुरं झालं, खर्च सुमारे २८० कोटी डॉलर, बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन. सव्वीस! थोडी वर्षं बरी गेली, मग संध्याकाळी पुन्हा लाल दिव्यांची रांग. जागा दिसली की लोक आणखी लांब घरं घेतात, आणि लांब घरं घेतली की आणखी गाड्या.

सगळ्यात वाईट म्हणजे आई-बाबा येतात तेव्हा. सांगलीत बाबा सकाळी गणपती मंदिराकडे चक्कर मारणार, येताना पेपर, कोपऱ्यावर चहा, चौघांशी वाद. इथे त्यांना गाडी चालवता येत नाही. सहा महिन्यांसाठी येतात, तिसऱ्या आठवड्यापासून खिडकीत बसतात. सूनबाई ऑफिसातून येऊन "चला बाबा, फिरवून आणते" म्हणते तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही. यंदा चार महिन्यांतच तिकीट बदलून परत गेले. कारण सांगितलं, पायरीचा आंबा संपेल.

---

जुनी_पेठ | २:३५

सांगलीकर, मुलगा अमेरिकेतच आहे. खिडकीतला माणूस मीच. जास्त लिहीत नाही.

---

सायकलवेडा_युट्रेक्ट | ३:२०

नेदरलँड्सबद्दल कोणीतरी "त्यांची संस्कृतीच वेगळी" असं म्हणणारच, त्याआधी सांगतो.

ही सायकल-संस्कृती निसर्गदत्त नाही. १९५०-६०मध्ये इथेही कार आली, कालवे बुजवून रस्ते झाले, चौकांची पार्किंग झाली. १९७१ला या एवढ्याशा देशात रस्त्यावर ३३००च्या आसपास माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. आई-वडील रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. पाठोपाठ १९७३चं तेलसंकट, रविवारी गाड्या बंद, लोकांनी रिकाम्या हमरस्त्यावर स्केटिंग केलं. युट्रेक्टमध्ये जुना कालवा बुजवून मोठा रस्ता केला होता, तो खणून २०२०ला पुन्हा पाणी सोडलं. मी रोज त्याच्या काठाने जातो.

कांदेनवमींनी लिहिलेली चौकातली भीती आणि इथल्या आयांची भीती एकच. फरक इतकाच की इथल्या आया त्या चौकात येऊन बसल्या.

---

स्पष्टवक्ता | ३:४०

तिथे ४३ डिग्री नसतं. आणि चढ नसतो. कात्रजचा चढ सायकलने चढून दाखवा, मग रस्त्यावर बसू.

---

सायकलवेडा_युट्रेक्ट | ३:५२

चढ नसतो, वारा असतो, समोरून. ऊन नसतं, नोव्हेंबर ते मार्च पाऊस असतो. सबबी प्रत्येक देशाच्या आपापल्या :)

---

वडाप | ५:००

तुम्ही सगळे शहरातले. मी कराडजवळच्या खेड्यातला, कॉलेजात शिकवतो.

१ जून १९४८ला पुणे ते नगर पहिली एस्टी सुटली, हे आमच्या गावातल्या कंडक्टरकाकांना जन्मतारखेसारखं पाठ होतं. मार्च २०२३पासून बायकांना एस्टीत अर्धं तिकीट झालं. त्याचा परिणाम मी वर्गात बघतो. अगोदर घरात एका पासाचे पैसे असले की पास भावाचा व्हायचा. आता बहिणीही येतात. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या तीन-तीन गावं फिरून लेकीला भेटून येतात. पंच्याहत्तरीच्या पुढे तर फुकटच, त्यामुळे काही आज्ज्यांचं वय एकदम वाढलंय.

पण शेवटची गाडी पावणेसहाला. ती गेली की वडाप. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा, ड्रायव्हर एका मांडीवर बसलेला. ते परवडत नाही किंवा पोरीला त्यात बसवायचं नाही, म्हणून बाप कर्ज काढून मोटरसायकल घेतो. कर्ज मोटरसायकलचं नाही, पावणेसहानंतरच्या गाडीचं आहे. प्रॅक्टिकल संपायला सहा वाजतात, एवढं कोणी वेळापत्रक करणाऱ्याच्या कानावर घालेल का?

---

मेरलायन | ५:३०

सिंगापूर. इथे गाडी घ्यायच्या आधी 'गाडी ठेवायचा हक्क' लिलावात विकत घ्यावा लागतो, दहा वर्षांसाठी. सध्या त्याचाच भाव लाख सिंगापूर डॉलरच्या आसपास फिरतो, गाडी वेगळी. लोक कुरकुरतात आणि एमआरटीत (इथली मेट्रो) बसतात. पण स्टेशनपासून घरापर्यंत डोक्यावर छप्पर असलेली पायवाट आहे बहुतेक ठिकाणी. काठी आणि गाजर दोन्ही. पुण्यात २०१८ला पार्किंग धोरण मंजूर झालं होतं ना, त्याचं काय झालं?

---

झेड_ब्रिज | ५:३३

ते फूटपाथवर पार्क केलंय.

---

स्पष्टवक्ता | ५:४५

हा हा. हे मात्र मान्य.

---

नऊ_बाराची_फास्ट | ६:१५

अवांतर: लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद ठेवला होता ना, ११ डिसेंबरला? २०२१ला पहिल्यांदा. दुकानदार म्हणत होते धंदा बुडेल. कोणी गेलं होतं का?

---

जुनी_पेठ | ६:४०

मी गेलो होतो. रस्त्याच्या मधोमध चाललो, पन्नासेक वर्षांनी. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंत. गणपतीच्या मिरवणुकीखेरीज तिथे मधून कोण चालतो? दुकानांच्या पाट्या पहिल्यांदा नीट वाचल्या. एका दुकानाचा पहिला मजला लाकडी कोरीव आहे, हे जन्मभर त्या रस्त्याने जाऊन माहीत नव्हतं. गाडीवर असताना माणूस वर बघतच नाही, बघितलं तर पडेल.

धंदा बुडाला का माहीत नाही. मी मात्र नको असलेली दोन धोतरं घेतली.

---

पायपीट | रात्री ९:१०

सगळे प्रतिसाद वाचले. दोन गोष्टी कबूल करतो.

एक, स्कूटीस्वार यांचा आठ थांब्यांचा दिवस वाचून बायकोला दाखवला. ती म्हणाली, "तू गाडी विकलीस, पण तुझ्या आईला डॉक्टरकडे मीच नेते, माझ्या गाडीवर. ते तुझ्या हिशोबात धरलंस का?" धरलं नव्हतं. अकरा हजारांच्या बचतीतलं काही तिच्या पेट्रोलमध्ये गेलंय. वर जे झाकून ठेवलेल्या दुचाकीबद्दल लिहिलं, ती माझी. तिची रोज पळते.

दोन, जुलैमध्ये आठ दिवस मी रिक्षाने स्टेशनला गेलो. गटाराचं झाकण कुठे आहे ते पाण्याखाली दिसत नव्हतं.

तरी गाडी परत घेणार नाही. एक अनपेक्षित लाभ म्हणजे इस्त्रीवाल्याशी, फुलवालीशी ओळख झाली. आठ महिन्यांत त्या रस्त्यावरची सतरा माणसं नावाने ओळखायला लागलो. गाडी होती तेव्हा फक्त वॉचमन ओळखायचा, तोही नंबरप्लेटवरून.

आता कामाचं. वहीतली नोंद तक्रार म्हणून द्यायचीय, पण एकट्याची वही कोण बघतो? पाच-सहा जणांनी मिळून मोजलं, फोटो काढले, प्रत्येक अडथळ्याला क्रमांक दिला तर वजन येईल. पुढचा रविवार, सकाळी ७, आनंदनगर स्टेशनच्या जिन्याखाली. मोजपट्टी मी आणतो.

---

जुनी_पेठ | ९:२५

येतो. खडू आणतो, क्रमांक घालायला. गुडघ्याएवढा फूटपाथ कोणीतरी हात देऊन चढवा म्हणजे झालं.

---

कांदेनवमी | ९:४०

मुलाला घेऊन येते. तोच मोजेल. परतताना चौक त्याला एकट्याला ओलांडू द्यायचा असं ठरवलंय, मी पलीकडून बघेन.

---

स्कूटीस्वार | ९:५५

बाबागाडी माळ्यावरून काढून आणते. रिकामी ढकलू, कुठे अडते ते कळेल.

---

स्पष्टवक्ता | १०:३०

मीही येतो. फुकट टीका करतो असं नको व्हायला. फक्त एक सांगा, तिथे पार्किंग आहे ना?